कपाटांची कुलुपं काढा: नागपूरच्या प्राचार्यांना आणि ग्रंथपालांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर शहरातील महाविद्यालयांचे प्राचार्य, ग्रंथपाल व ग्रंथालय समित्यांचे सदस्य,
तसेच संचालक, ज्ञानस्रोत केंद्र, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 15 ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांच्या जयंतीला, आपण महाविद्यालयांत वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. त्या दिवशी व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येतं: आजकालची मुलं वाचत नाहीत. प्राध्यापकांच्या खोलीत ते वर्षभर चालू असतं, पालकसभेत पालकही तेच म्हणतात. आणि समोर बसलेली मुलं मान खाली घालून ऐकून घेतात, कारण इतक्या वेळा ऐकल्यावर त्यांनाही ते खरं वाटायला लागलेलं असतं.

मी नागपुरातल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. बी.ए.च्या मुलांना साहित्य शिकवलं, बी.कॉम.च्या मुलांना भाषेचा पेपर शिकवते आहे. हे वाक्य मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे तुमच्यासमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मुलं वाचतात. आपल्या ग्रंथालयातलं मात्र फारसं वाचत नाहीत. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि ते अंतर बरंचसं आपणच तयार केलेलं आहे.

सत्राच्या पहिल्या तासाला मी विचारते, शेवटचं काय वाचलंत? आधी उत्तर येतं, "काहीच नाही मॅडम." मॅडमना कादंबरीचं नाव हवं असणार, आपलं वाचन त्यात धरत नसणार, असा त्यामागचा हिशेब असतो. थोडं खोदून विचारलं की एकेक बाहेर येतं. कुणी प्रतिलिपी या कथांच्या अ‍ॅपवर एक लांबलचक प्रेमकथा रोज एका भागाने वाचत असते आणि पुढचा भाग कधी येणार याची वाट पाहत असते. कुणी टेलिग्रामवरून पीडीएफ उतरवून घेतलेली असते, तीही मधली पानं तिरपी आलेली. श्रीमंत कसं व्हावं, सवयी कशा लावाव्यात असली इंग्रजीतून मराठीत आलेली पुस्तकं तर वर्गात हातोहात फिरतात. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डी बाजाराच्या, फुटपाथवर ती स्वस्तात मिळतात, पातळ कागदाची, शाई बोटाला लागणारी. एमपीएससीचा नाद लागलेली मुलं वर्तमानपत्राचं संपादकीय पान पेनाने खुणा करत वाचतात. एकाने सांगितलं की त्याने आजोबांच्या पेटीतली ग्रामगीता वाचली. उमरेडकडून एसटीने येणारी एक मुलगी कानात कथा ऐकते, कारण हलत्या बसमध्ये वाचलं की तिला गरगरतं. हे सगळं वाचनच आहे. त्याला दिशा नाही, निवड नाही, सोबत नाही, हे खरं. पण भूक आहे. आणि त्या यादीत महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचं नाव क्वचितच येतं. ते मला लागतं.

या शहरात वाचनाची भूक बघायची असेल तर अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जावं. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे दीक्षा दिली त्या जागेभोवती दरवर्षी पुस्तकांचे स्टॉल लागतात, रस्त्याच्या कडेला सतरंज्या आणि ताडपत्र्या पसरून त्यावर पुस्तकं मांडली जातात. पाच-दहा रुपयांच्या पातळ पुस्तिकेपासून शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या जाडजूड खंडांपर्यंत सगळं तिथे असतं. लोक महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि शेजारच्या राज्यांतून येतात, रात्र मैदानात काढतात आणि परतताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. त्यांत कॉलेजातल्या मुलामुलींची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी असते.

तिथे ही मुलं पुस्तक कसं घेतात, ते मी मुद्दाम उभी राहून पाहते. एखादा मुलगा उकिडवा बसतो. एक पुस्तक उचलतो, मलपृष्ठ वाचतो, मधूनच एखादं पान उघडतो, दोन ओळी ओठ हलवत वाचतो, परत ठेवतो. शेजारचं उचलतो. अनुक्रमणिका बघतो. सोबतच्या मित्राला दाखवतो. किंमत बघून पुन्हा ठेवतो, चार पावलं पुढे जातो आणि मागे येऊन तेच घेतो. विक्रेता त्याला काही विचारत नाही. तोवर त्या मुलाचा हात दहा-पंधरा पुस्तकांना लागलेला असतो. पुस्तक निवडायची रीत हीच. ती कुणी शिकवावी लागत नाही, फक्त पुस्तकं हाताच्या अंतरावर लागतात.

तोच मुलगा दसऱ्यानंतर आपल्या महाविद्यालयात येतो. ग्रंथालयात एक लांब टेबल किंवा जाळीची खिडकी असते. खिडकीच्या आत कपाटं, काचेच्या दाराची, कुलूपबंद. बाहेरून पुस्तकांच्या पाठी दिसतात, त्याही लांबून. पुस्तक हवं असेल तर मागणी चिठ्ठी भरायची: पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, दाखल क्रमांक. संगणकावर शोधायची सोय असते, पण तिथेही आधी नाव माहीत असावं लागतं. मी एकदा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीबरोबर खिडकीपाशी उभी होते. कोणत्या महाविद्यालयात ते महत्त्वाचं नाही, कुठेही हेच घडलं असतं.

"काय पायजे?"

"कथेचं काही द्या ना."

"नाव सांग."

"नाव नाही माहीत. चांगलं असंन ते द्या."

"असं नाही देता येत बाई. नाव, लेखक लिहून आण. आणि कॉमर्सची आहेस ना? तुझे कॉमर्सचे पुस्तकं तिकडं आहे."

बोलणारे परिचर चांगले गृहस्थ आहेत. मागे रांग होती, आणि दोन माणसांचं काम ते एकटे करत होते. नियम त्यांनी केलेला नाही. पण ती मुलगी मागे फिरली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, मोबाइलवरच वाचते." मोबाइलमध्ये तिला नाव माहीत असावं लागत नाही. तिथे ती नुसती बोट फिरवत जाते आणि एखादी गोष्ट तिला सापडते. आपण मोबाइलला दोष देतो तेव्हा हा फरक लक्षात घेत नाही.

माझं पहिलं मागणं म्हणून एवढंच आहे: कपाटं उघडा. मुलांना रांगांमधून फिरू द्या. ग्रंथालयशास्त्रात याला मुक्त प्रवेश म्हणतात, आणि ही काही नवी कल्पना नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. तुमच्यातल्या प्रत्येक ग्रंथपालाने ही सूत्रं पदवीच्या पेपरात लिहिलेली आहेत. तिसऱ्या सूत्राचं विवेचन करताना रंगनाथन मुक्त प्रवेशाचाच आग्रह धरतात, कारण ज्या पुस्तकाचं नाव कुणाला माहीत नाही त्या पुस्तकाला वाचक मिळण्याचा दुसरा रस्ताच नाही. आपल्या कपाटांत अशी शेकडो पुस्तकं पडून आहेत. त्यांच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखेची चिठ्ठी कोरी आहे.

यावर मला ग्रंथपालांकडून जे उत्तर मिळतं ते मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, मॅडम, पुस्तकं जातात. पानं फाडली जातात. वार्षिक पडताळणीत पुस्तक सापडलं नाही तर जबाबदारी आमच्यावर, वसुली आमच्याकडून. ही भीती खरी आहे आणि कुलपाचं खरं कारणही हेच आहे. पण तिच्यावर उपाय आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी वेगळी तरतूद आहे: वर्षभरात दिल्या-घेतलेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर 1,000 पुस्तकांमागे 5 पुस्तकं गहाळ झाली तर ती हानी रास्त मानावी, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर. 1,000 रुपयांहून अधिक किमतीचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी व्हावी. हा नियम केंद्र सरकारच्या संस्थांना लागू आहे, आपल्या महाविद्यालयांना तो आपोआप लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तसाच ठराव महाविद्यालय विकास समितीत करायला कोण अडवतं? 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने ही समिती प्रत्येक महाविद्यालयात आणली, आणि तिच्यात विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनाही जागा दिली. ग्रंथपालाच्या डोक्यावरची वसुलीची टांगती तलवार जोवर प्राचार्य आणि व्यवस्थापन काढून घेत नाहीत, तोवर कोणताही ग्रंथपाल कपाट उघडणार नाही, आणि त्याने ते उघडावं अशी अपेक्षा करणंही न्यायाचं नाही. म्हणून हे मागणं मी आधी प्राचार्यांकडे करते आहे, मग ग्रंथपालांकडे.

सगळं ग्रंथालय एका दिवसात उघडा असंही मी म्हणत नाही. दुर्मिळ ग्रंथ, संदर्भ ग्रंथ, महागडे कोश आत राहू द्या. 1883 सालचं हिस्लॉप, 1885 सालचं मॉरिस अशी विद्यापीठाहूनही जुनी महाविद्यालयं या शहरात आहेत. जुन्या संग्रहांची काळजी घ्यायलाच हवी. पण कथा, कादंबरी, कविता, चरित्र, प्रवासवर्णन, विज्ञानावरची सोपी पुस्तकं, एवढं तरी बाहेर येऊ द्या. दाराजवळ एक रॅक ठेवा आणि त्यावर फक्त आज-काल परत आलेली पुस्तकं लावा. दुसऱ्या कुणीतरी नुकतंच वाचून ठेवलेलं पुस्तक उचलायला मुलांना फार आवडतं. त्याला खर्च नाही, फक्त पुस्तक कपाटात जायला दोन दिवस उशीर होतो.

आता वेळेबद्दल. शहरातली कित्येक कला आणि वाणिज्य महाविद्यालयं सकाळ पाळीत चालतात. साडेसातला पहिला तास, साडेअकराच्या सुमाराला शेवटचा. देवघेवीची खिडकी उघडते साडेदहा-अकराला. मधल्या तासाला मुलगा जाऊ शकत नाही, हजेरी जाते. तास सुटला की त्याला धावायचं असतं, कुणाला मोबाइलच्या दुकानात कामावर, कुणाला डिलिव्हरीच्या शिफ्टला, कुणाला काटोल किंवा सावनेरची बस धरायला. त्याच वेळी खिडकीसमोर रांग असते. अशा मुलाने पुस्तक घ्यायचं कधी? सकाळी सात ते नऊ आणि तास सुटल्यावर तासभर, एवढी खिडकी उघडी राहिली तरी चित्र बदलेल.

आणि सुट्ट्या. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. हिवाळी आणि उन्हाळी परीक्षा जवळ आल्या की सूचना फलकावर कागद लागतो: सर्व पुस्तके जमा करून नो ड्यूज घ्यावे. नो ड्यूज म्हणजे ग्रंथालयाचं काही देणं बाकी नाही असा दाखला. त्याशिवाय परीक्षेचा अर्ज किंवा प्रवेशपत्र मिळत नाही. पुस्तकं आत येतात, कपाटांना कुलूप लागतं आणि नव्या सत्राचे प्रवेश पूर्ण होऊन नवी कार्डं तयार होईपर्यंत ती तशीच राहतात. म्हणजे परीक्षा संपल्यावरचा जो काळ मुलांना खरोखर मोकळा असतो, ज्या काळात तास नाहीत, असाइनमेंट नाहीत, प्रॅक्टिकल नाहीत, नेमका तो काळ आपण त्यांना पुस्तकाविना काढायला लावतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की दुपारी अकरा ते पाच कुणी घराबाहेर पडत नाही. कूलरसमोर पडून काढायच्या त्या दुपारी वाचनासाठीच जणू रिकाम्या असतात. माझं स्वतःचं बरंचसं वाचन अशाच दुपारी झालं. कारण त्या काळी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाला उन्हाळ्याची सुटी नव्हती.

नो ड्यूज हवंच असेल तर ते शेवटच्या वर्षाच्या मुलांपुरतं ठेवा. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची मुलं पुढच्या सत्रात परत येणारच आहेत, त्यांचा पत्ता, फोन, अनामत रक्कम सगळं आपल्याकडे आहे. त्यांना परीक्षेच्या शेवटच्या दिवशी पाच-पाच पुस्तकं घरी न्यायला द्या आणि सत्र सुरू होताना परत घ्या. कपाटात पडून राहण्यापेक्षा ती मौद्याच्या किंवा कळमेश्वरच्या एखाद्या घरात राहतील, तिथे आई वाचेल, धाकटा भाऊ वाचेल.

खरेदीबद्दल मला फार बोलायचं नाही, तुम्हाला सगळं माहीत आहे. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून घाईने पुस्तकं येतात, पाठ्यपुस्तकांच्या आणि गाइडवजा पुस्तकांच्या ढिगाने प्रती येतात, ललित पुस्तकांची यादी मराठी विभागाकडून येते आणि ती आम्हीच आमच्या आवडीने करतो. ज्यांच्यासाठी पुस्तकं घ्यायची त्यांना कुणी विचारत नाही. दारात एक वही ठेवा, तिला हवं तर मागणी वही म्हणा, आणि जे पुस्तक मुलं मागतील ते, महाविद्यालयाला परवडत असेल तर, आणा. मागितलेलं पुस्तक आलं की मागणाऱ्याला निरोप द्या. त्यात श्रीमंत व्हायची पुस्तकं येतील, भुताच्या गोष्टी येतील, हिंदीही येईल, कारण आपली मुलं घरी मराठी, नाक्यावर हिंदी आणि अभ्यासात इंग्रजी अशी तिन्ही भाषांत वावरतात. भंडारा-गोंदियाकडून आलेल्या मुलाला झाडीबोलीतलं काही हवं असेल. येऊ द्या. आज ते पुस्तक न्यायला आलेलं पोरगं उद्या शेजारच्या रॅकवर हात टाकणार आहे. वाचणाऱ्याची आवड वाचतच बदलते, कुणाच्या उपदेशाने बदलत नाही.

आपण मोजतो काय, हाही प्रश्न आहे. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या, तयारीत आजवर आपण दोन आकडे मन लावून गोळा केले: वर्षाला पुस्तकांवर किती खर्च झाला आणि रोज किती जण ग्रंथालयात आले. त्यासाठी दारात सहीची नोंदवही आली, कुठे कार्ड स्वाइप करायचं यंत्र आलं. वर्ग नसेल तेव्हा मुलांना सह्या करायला पाठवलेलं मी पाहिलं आहे. पण किती पुस्तकं घरी गेली, कोणती गेली, कोणती कधीच गेली नाहीत, हे सहसा कुणी विचारत नाही. ते सांगणारी माहिती ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत आधीपासून पडलेली असते. वर्षातून एकदा तो अहवाल काढा आणि ग्रंथालय समितीच्या बैठकीत नुसता वाचून दाखवा. दुसरं काही करायची गरज पडणार नाही, पुढची चर्चा आपोआप योग्य दिशेने जाईल.

उपक्रमांना माझा विरोध नाही. 2025 च्या जानेवारीत शासनाने 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा पंधरवडा राबवला तेव्हा अनेक ठिकाणी सामूहिक वाचन झालं, मुलं मनापासून बोलली. पण पंधरवडा संपल्यावर त्यातल्या एखाद्या मुलाला ते पुस्तक घरी न्यायचं असेल तर त्याची वाट पुन्हा त्याच खिडकीपाशी येते. आणि एक कळकळीची विनंती: नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक गोष्टीला क्रेडिट जोडता येतं म्हणून अवांतर वाचनाला गुण लावू नका. गुण लागले की त्याचा सारांश निघतो, सारांशाची पीडीएफ निघते आणि पुस्तक तसंच राहतं. अभ्यासक्रमातल्या कादंबऱ्यांचं काय झालं हे मी रोज पाहते. मुलं परीक्षेत त्या कादंबरीवर पंधरा गुणांचं उत्तर लिहून येतात आणि पुस्तकाला त्यांचा हात लागलेला नसतो.

शहरात अभ्यासिका किती वाढल्या आहेत ते तुम्हीही पाहत असाल. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला एक दिवा, एक चार्जिंगचा पॉइंट, कोपऱ्यात पाण्याचा कॅन. काही चोवीस तास उघड्या असतात. महिन्याचे पैसे भरून मुलं तिथे रात्री अकरापर्यंत बसतात. तिथे पुस्तकं नसतात, ज्याने त्याने आपली आणायची. शांत जागा, उजेड आणि वेळ, एवढ्यासाठी गरीब घरातली मुलं पैसे मोजायला तयार आहेत, आणि आपल्या महाविद्यालयांतली वाचनकक्षाची टेबलं संध्याकाळी पाचनंतर रिकामी असतात. टेबलही आपलं, पुस्तकही आपलं, फी त्यांनी आधीच भरलेली. रात्री आठपर्यंत वाचनकक्ष उघडा ठेवायला एक चौकीदार आणि एक परिचर लागतो. कमवा आणि शिका योजनेतून विद्यार्थ्यांनाच हे काम देता येईल. मुलींच्या घरी जाण्याचा प्रश्न येईल, त्यांच्यासाठी वेळ वेगळी ठेवावी लागेल, तेही त्यांनाच विचारून ठरवा.

ग्रंथपालांची पदं रिकामी आहेत हे मला माहीत आहे. निवृत्तीनंतर जागा भरली गेली नाही, एखाद्या प्राध्यापकाकडे प्रभार दिला, खिडकीवर एक परिचर, अशी स्थिती असलेली अनुदानित महाविद्यालयं मी जवळून पाहिली आहेत. यूजीसीच्या नियमांनी ग्रंथपालाला शिक्षकासारखी शैक्षणिक वेतनश्रेणी दिली, पण आपण त्याला परीक्षेच्या कामाला, प्रवेशाच्या कामाला, नॅकच्या फायलींना जुंपतो. जो माणूस मुलाला विचारू शकतो की तुला काय आवडतं, आणि उठून त्याच्या हातात एक पुस्तक ठेवू शकतो, त्याची जागा संगणक घेऊ शकत नाही. ही पदभरती शासनाच्या हातात आहे. तुम्ही प्राचार्यांनी एकत्र येऊन त्यासाठी लिहावं, आम्ही तासिकांवरचे शिक्षक तुमच्या मागे उभे राहू.

विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्राकडेही, म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडेही, एक मागणं आहे. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतली महाविद्यालयं विद्यापीठाला जोडलेली आहेत. नागपुरात शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, विद्यापीठाचं आहे, जुनी सार्वजनिक वाचनालयं आहेत. विदर्भ साहित्य संघ तर विद्यापीठाच्याच वर्षी, 1923 साली, स्थापन झाला. पण बी.ए.च्या मुलाला यांतल्या एकाचाही रस्ता कुणी दाखवत नाही. एका महाविद्यालयाच्या ओळखपत्रावर शहरातल्या दुसऱ्या महाविद्यालयात निदान बसून वाचता यावं, एवढी परस्पर मान्यता विद्यापीठ एका परिपत्रकाने सुरू करू शकतं. घरी पुस्तक देण्याची व्यवस्था नंतर बघता येईल.

मोबाइल मुलांच्या हातात आहेच, तर त्यावर काय आहे तेही दाखवू. मराठी विश्वकोश मोफत वाचता येतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणाऱ्या एन-लिस्टची वर्गणी तर अनेक महाविद्यालयं भरतात, पण विद्यार्थ्यांना त्याचा युजर आयडी मिळालेला नसतो. पहिल्या वर्षाच्या मुलांचा एक तास घ्या, फोन हातात ठेवूनच, आणि प्रत्येकाला तिथल्या तिथे नोंदणी करून द्या. टेलिग्रामवरची चोरीची, तिरपी, अर्धवट पीडीएफ त्यांनी का वाचावी?

यातलं बरंचसं पुढच्या सत्राआधी होणार नाही, हे मी समजू शकते. पण नो ड्यूजची अट बदलायला फक्त एक ठराव लागतो. उन्हाळी परीक्षांचे अर्ज भरायला सुरुवात होण्याआधी तो आपापल्या समितीपुढे ठेवावा आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सुटीसाठी पुस्तकं द्यावीत, ही आग्रहाची विनंती. ज्या महाविद्यालयाला रॅक लावायला, पुस्तकांचे दाखल क्रमांक तपासायला किंवा पडताळणीला हात हवे असतील, तिथे माझे काही विद्यार्थी आणि मी यायला तयार आहोत. तासिका संपल्यावर आम्ही दुपारी मोकळे असतो.

कळावे,
आपली,
मराठीची एक तासिका प्राध्यापिका
नागपूर